त्यानं स्वतःवर घेतलं

नाना,

तुम्ही गेल्यापासून आपल्या घरात एक वाक्य अधूनमधून बोललं जातं. तेच वाक्य मी मागच्या आठवड्यात एका परक्या घरात ऐकलं, म्हणून लिहायला बसले. पाथर्डी फाट्याच्या बाजूची एक सोसायटी, दाराला प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण, बाल्कनीत एक मोठा पिंजरा आणि त्यात कुणी नाही. दोन पक्षी होते, दोन्ही गेले होते. एक आदल्या दिवशी सोसायटीच्या बागेत पुरलेला. दुसरा त्या सकाळी गेला, तो मला दाखवायला म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. फोन घरातल्या सुनेनं केला होता. तिनं दार उघडलं, मी बाल्कनीत जाऊन हातमोजे चढवायला लागले, तेवढ्यात आतल्या खोलीतून तिच्या सासूबाईंचा आवाज आला. थकलेला होता, तरी त्यात समाधान होतं. "डॉक्टरीणबाई, त्याला कापू नका बरं का. त्यानं स्वतःवर घेतलं. घरावर काहीतरी येणार होतं, ते मुका जीव घेऊन गेला." माझा एक हात मोज्यात होता, एक बाहेर. क्षणभर मला वाटलं, आपल्या अंबडच्या घरात आई बोलतेय.

मी काय काम करते ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते, आणि पोरीनं सायन्स घेतलंय एवढंच तुम्ही कंपनीत सगळ्यांना सांगत होता. मी पशुवैद्य झाले, नाना. आपल्या घरातली पहिली पदवी. गाई-म्हशींची डॉक्टर झाले असते तर घोटीच्या काकांना समजावणं सोपं गेलं असतं, पण मी पक्ष्यांची झाले. काका अजून लग्नकार्यात चारचौघांत विचारतात, "काय गं, चिमण्यांचं बीपी बघती का आता?" सगळे हसतात, मीही हसते. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत एका लहानशा दवाखान्यात बसते. लव्हबर्ड येतात, परदेशी पोपट येतात, मालेगावहून शर्यतीची कबुतरं जाळीच्या पेटीतून येतात. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनच्या मांजानं पंख कापलेल्या घारी आणि बगळे लोक पोत्यात घालून आणतात. यातलं बरंचसं काम मेलेल्यांचं असतं. मेलेल्या पक्ष्याला उघडून विचारायचं, कशानं गेलास, आणि तुझ्यामागं आणखी कोण जाणार आहे. त्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी हे काम धरलंय. अवघड एवढंच, की पक्षी आजार लपवतो. रानात जो आजारी दिसला त्याला शिकरा आधी उचलतो, म्हणून पिंजऱ्यातही तो अगदी शेवटपर्यंत दांडीवर ताठ बसतो, दाणे खाल्ल्यासारखं करतो, फोलपटं उडवतो. माणसं मला सांगतात, काल संध्याकाळपर्यंत चांगला होता हो. काल संध्याकाळी तो चांगला दिसत होता, एवढंच खरं असतं. हे ऐकलं की तुम्ही आठवता. अंगात ताप घेऊन तुम्ही फर्स्ट शिफ्टला जात होता आणि आईनं कपाळाला हात लावला की म्हणायचा, "मशीनची धग हाय ती."

राघू आपल्याकडं आला तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. मी दुसरी-तिसरीत असेन. घोटीला काकांच्या बांधावरचं वठलेलं आंब्याचं झाड वादळात पडलं आणि त्याच्या ढोलीत हे एकच पिल्लू जिवंत सापडलं. अंगावर पिसं नाहीत, डोळे मिटलेले, डोकं देहाच्या मानानं केवढं तरी मोठं. तुम्ही ते डब्याच्या पिशवीत, रुमालाच्या घड्यांत ठेवून एसटीनं आणलंत. आई म्हणाली, हे जगायचं नाय. तुम्ही हातपाय धुऊन स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसता, भिजवलेली हरभऱ्याची डाळ तोंडात घेता, बारीक चावता, आणि पिल्लू ओठांशी धरता. ते आंधळं पिल्लू आधी नुसतं थरथरतं, मग त्याला वास लागतो की काय, ते तुमच्या ओठांत चोच खुपसून घशाखाली ओढायला लागतं. मी शी म्हणाले. उष्टं, म्हणाले. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवलात. "मुक्या जिवाचं उष्टं नसतं. परत म्हणायचं नाय." मी परत म्हटलं नाही. आज मी दिवसातून कितीदा तरी अनोळखी माणसांना सांगते की पक्ष्याला तोंडानं भरवू नका, त्याच्या चोचीला ओठ लावू नका, आणि दर वेळी तुमचं ते वाक्य आधी मनात उमटतं आणि मग माझं तोंड उघडतं.

तो मोठा झाला, हिरवागार झाला, मानेला गुलाबी कंठी आली, पण त्याची सवय गेली नाही आणि तुमचीही. चहात बुडवलेला टोस्ट त्याला तुमच्याच ओठांतून लागायचा. आईनं हातानं दिला तर तो तुकडा खाली टाकून तिच्याकडं असा बघायचा की तिला हसू यायचं. पिंजरा पुढच्या खोलीत छताच्या आकड्याला होता. कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न द्यायची, तुम्ही "बस आली" म्हणून उठायचा, ते त्यानं उचललं. मग सुट्टीच्या दिवशीही तो उजाडायच्या आत "बस आली, बस आली" म्हणून गल्ली जागी करायचा, आणि तुम्ही पांघरुणातूनच त्याला सांगायचा, "आज रविवार हाय रे बाबा, झोप." कंपनीतून तुम्हाला एक पिवळ्या काचेचा गॉगल आणि धुळीचे मास्क मिळाले होते. ते तुम्ही घरी आणून माझ्या दप्तरात ठेवलेत, शाळेतल्या प्रयोगाला होतील म्हणून. मी विचारलं, तुम्हाला नकोत का. तुम्ही म्हणालात, आपल्याला सवय हाय. तो गॉगल माझ्याजवळ अजून आहे. त्याचा पट्टा तुटलाय, घालता येत नाही. पण कुठलाही पक्षी उघडण्याआधी मी नवा गॉगल आणि मास्क लावते तेव्हा कधीकधी मला वाटतं, तुमच्या वाटणीचंच सामान मी वापरतेय.

मी अकरावीत होते त्या हिवाळ्यात घोटीच्या बाजारात कुणीतरी जाळीच्या पाटीत पोपट विकायला बसलं होतं. त्यातला एक पिसं फुलवून, मान आखडून कोपऱ्यात बसलेला. तुम्हाला राहवलं नाही. घेऊन आलात आणि राघूला सोबत होईल म्हणून त्याच्याच पिंजऱ्यात सोडलात. तो दोन-चार दिवसांतच गेला. पुढं काही दिवसांनी राघू "बस आली" म्हणेनासा झाला. एका पायावर बसून राहायचा, डोळ्यांच्या कडा ओल्या, नाकपुड्या चिकट, पिंजऱ्याच्या तळाशी हिरवट शीट. मी पिंजरा झाडायला घेतला की वाळलेली धूळ उडायची. तुम्ही माझ्या हातातून केरसुणी घ्यायचा, म्हणायचा, सरक, तुला शिंका येतील. आणि झाडून झालं की पिंजऱ्याच्या दारातून डोकं आत घालून त्याला ओठांतून डाळ द्यायचा. तो घेत नव्हता, तरी तुम्ही देत होता. मग तुम्हाला ताप आला, डोकं ठणकायला लागलं, कोरडा खोकला लागला आणि एक दिवस बस आली तरी तुम्ही उठला नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारायचं ते सगळं विचारलं. बिडी ओढता का, कंपनीत धूळ असते का, घरात कुणाला टीबी झाला होता का. पक्ष्याचं कुणी विचारलं नाही आणि आपल्याला सांगायचं सुचलं नाही. कसं सुचावं? अंगणात तुळस आहे, छताला राघू आहे, हे कुणी दवाखान्यात सांगतं का? न्यूमोनिया असं लिहिलं गेलं आणि ते चूकही नव्हतं. तुम्ही तिथं असताना एका सकाळी राघू पिंजऱ्याच्या तळाशी आडवा सापडला. मी आणि आईनं त्याला दारापुढच्या पेरूखाली पुरलं. त्याच दुपारी आम्ही डबा घेऊन आलो तर तुमचा ताप उतरलेला. उशाला टेकून बसला होता, आणि भूक लागली म्हणालात. आईनं डबा खाली ठेवला आणि भिंतीला हात टेकून ती रडली. म्हणाली, "राघूनं स्वतःवर घेतलं." डॉक्टर अजून थोडे दिवस राहा म्हणत होते. पण संकट तर गेलेलं होतं, ते पेरूखाली मातीत होतं, मग राहायचं कशाला? आपण कागदावर सही करून तुम्हाला घरी आणलं. रिक्षातून उतरून तुम्ही आधी पेरूपाशी गेलात, त्या ओल्या मातीपुढं हात जोडलेत आणि म्हणालात, फेडीन रं बाबा. संध्याकाळी ताप पुन्हा चढला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, किंवा फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. नंतर लोक भेटायला यायचे तेव्हा आई सगळ्यांना एकच सांगायची. "त्याच्यात जेवढं मावलं तेवढं त्यानं घेतलं. बाकीचं लय होतं."

त्या रोगाचं नाव मी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला ऐकलं. इंग्रजीत लांबलचक नाव आहे, आम्ही पोरी आपसात त्याला पोपटताप म्हणायचो. शिकवणारे सर साधेपणानं, जेवणाचा बेत सांगावा तसं सांगत होते. नवा पक्षी घरात येतो, जुना पिसं फुलवतो, डोळे-नाक वाहतं, शीट हिरवी होते, वाळलेल्या शिटेची धूळ उडते, आणि घरातलं जे माणूस त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव लावतं, ते आजारी पडतं. माझं पेन थांबलं. सर आपलं घर सांगत होते. तास संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि एवढंच विचारलं, की सर, माणसाचा ताप मध्येच उतरतो का? ते म्हणाले, उतरू शकतो, तिथंच माणूस फसतं. औषध साधं असतं, जुनं असतं, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. फक्त कुणीतरी विचारावं लागतं, घरात पाखरू आहे का. नाना, माझ्याजवळ पुरावा नाही. राघू मातीत गेला, तुम्हीही गेलात, कुणी काही तपासायला ठेवलं नव्हतं. आमच्या कामात संशय वेगळा आणि निदान वेगळं, आणि एकाच्या जागी दुसरं लिहायचं नाही असा मी स्वतःला दंडक घातलाय. तुमच्याबाबतीत माझ्याजवळ फक्त संशय आहे. तो मी कुणाला कधी बोलून दाखवला नव्हता.

आता त्या सोसायटीतल्या घरात परत येते. मी मेलेला पक्षी साबणाच्या पाण्यात भिजवला. असं करतात, म्हणजे पिसांतली धूळ उडत नाही. दोन्ही पक्षी कॉकटेल होते, डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी टिकली असते ते. मुळात नाव वेगळं आहे, पण दुकानदार कॉकटेल म्हणतात आणि गिऱ्हाईकही. दिवाळीत आणले होते, सून सांगत होती, मुलांनी हट्ट केला. मी विचारलं, घरात कुणाला ताप, खोकला? ती म्हणाली, नाही. आणि ती नाही म्हणत असतानाच आतून कुणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, मग एक लांब ओढ घेऊन तिसरं. मी म्हटलं, आजी खोकतायत ना? तेवढ्यात स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या बाल्कनीतून पुन्हा तोच खोकला आला. दोनदा कोरडं, मग लांब ओढ, मग तिसरं. आजी तर आतल्या खोलीत होत्या. एकच खोकला घराच्या दोन टोकांना होता. सुनेचा चेहरा उतरला. मी मागं गेले. वॉशिंग मशीनच्या आडोशाला चादर टाकलेला पिंजरा होता. चादर उचलली तर देशी पोपट, मानेला कंठी, पिसं किंचित फुललेली, डोळ्यांच्या कडा ओल्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि आजींच्या आवाजात खोकून दाखवलं.

"मॅडम, तुम्ही फॉरेस्टवाल्यांना सांगणार का?" सून म्हणाली. देशी पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून त्याला माझ्यापासून लपवला होता, आणि पोपट लपवायचा म्हणून खोकलाही लपवला होता. मी म्हटलं, सांगावं लागेल, खोटं बोलणार नाही. पण आज ते महत्त्वाचं नाही, आज आजी महत्त्वाच्या आहेत. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुकलेले, दोन शब्द बोलल्या की श्वास घ्यायला थांबत होत्या, पण डोळे हसरे. मी विचारलं, पोपटाला कसं भरवता? "कसं म्हंजी? तोंडानं. हातानं दिलं तं घेत नाय, लाडाचा हाय लय." ताप कधीपासून? बारीक येत-जात होता म्हणे, थंडीचा, आणि आज उतरला. पाखरं गेली आणि ताप गेला. मुलानं डॉक्टरांची वेळ घेतली होती, पण आज बरं वाटतंय तर रविवारी निवांत नेऊ, असं सकाळीच फोनवर ठरलं होतं.

मी समजावायला लागले. जंतू कसा असतो, धुळीतून कसा जातो, ताप उतरणं म्हणजे बरं होणं नव्हे. मला स्वतःचाच आवाज पुस्तकासारखा ऐकू येत होता. आजी ऐकत होत्या, शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्याचं भाषण ऐकावं तशा. मग माझ्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "बाई, तू लय शिकलेली हायेस. पण जो आपल्यासाठी गेला त्याला बोल लावू नये." मला तुम्ही दिसलात, पेरूपुढं हात जोडून उभे. आणि जे मी सरांना सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, ते त्या बाईंना सांगितलं.

"आजी, माझ्या वडलांचा पोपट असाच गेला. त्याच दिवशी त्यांचा ताप उतरला होता."

"मग?"

"मग आम्ही त्यांना घरी आणलं."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मागच्या बाल्कनीत पोपट खोकला, दोनदा, मग लांब ओढ, मग तिसरं, आणि त्या पहिल्यांदाच तो आवाज ऐकत असल्यासारख्या ऐकत होत्या. मग सुनेला म्हणाल्या, "माझी चांगली साडी काढ. अन् तुझ्या नवऱ्याला फोन कर, म्हणावं रविवार-बिविवार काय नाय. आत्ता ये." सुनेनं दारात मला हळूच विचारलं, तिथं नेमकं काय सांगायचं. मी म्हटलं, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण आत शिरल्या शिरल्या एक सांगा, घरात पक्षी आहेत आणि त्यातले मेलेत.

आजींना जिथं नेणार होते त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना मी स्वतःही फोन केला. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या डॉक्टर. मी म्हटलं, पक्ष्यांच्या. मग ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं माणसं असतात." मी म्हटलं, हो, पण या आजी पोपटाला तोंडानं भरवतात, आणि त्यांच्या घरातले दोन पक्षी याच आठवड्यात मेलेत. "तोंडानं?" तोंडानं, मी म्हटलं. त्यांचा आवाज बदलला. ते म्हणाले, जे पाहिलंत ते लिहून पाठवा, आणि रिपोर्टची वाट बघणार नाही, औषध आजच बदलतो. एवढंच लागतं, नाना. एवढं एक वाक्य. ते त्या वेळी आपल्यापैकी कुणाला ठाऊक असतं तर, असा विचार मी करायचा नाही असं ठरवलंय, आणि करते.

दवाखान्यात येऊन मी तो पक्षी उघडला. यकृत सुजलेलं, प्लीहा नको तेवढी मोठी, मला जे दिसू नये असं वाटत होतं तेच सगळं. नमुने बाहेरगावच्या लॅबला पाठवले. त्यांचा निकाल आज आला. तोच रोग आहे. या वेळी संशय नाही, निदान आहे. वनखात्याला कळवलं, पोपटाला त्याच घरात वेगळं ठेवून औषध सुरू केलंय. सून तोंडाला फडकं बांधून त्याला पाणी देते. म्हणते, तो अजून खोकतो, पण आता आम्ही हसत नाही. आजी अजून ऑक्सिजनवर आहेत. सुनेचा रोज निरोप येतो, "ताप नाही." हे दोन शब्द वाचून लोकांना बरं वाटत असेल. मी ते वाचते आणि फोन उलटा करून ठेवते.

निकाल यायच्या आधीच मी, त्यांनी ते कॉकटेल जिथून आणले ते दुकान शोधून काढलं. दुकानदार आदबशीर माणूस, मला स्टूल दिलं, चहा मागवला. दिवाळीच्या आधी जो माल आला होता तो सगळा गेला म्हणाला. कुठं? कुठं म्हणजे, मॅडम, सिडकोत गेला, घोटीला एक जोडी गेली, मालेगावच्या एकानं तर पिंजऱ्यासकट उचलला, एक कुणाच्या तरी मुलीच्या वाढदिवसाला गेला. गिऱ्हाइकाचं नाव-गाव कोण विचारतं? मी सगळं समजावून सांगितलं. तो मान डोलावत होता. त्याच्यामागं नवा माल आलेला होता, जाळ्यांत किलबिल चालली होती, आणि खालच्या पिंजऱ्यात एक कॉकटेल पिसं फुलवून, एका पायावर, डोळे अर्धे मिटून बसलं होतं. मी त्याच्याकडं बोट दाखवलं. "ते होय? ते झोपाळू आहे," तो म्हणाला. ते पाखरू मी तपासायला घेऊन आले, पशुसंवर्धनच्या कार्यालयाला कळवलं, त्यांनी येऊन बघतो म्हणून सांगितलंय. पण गेलेली पाखरं गेली. कुठल्यातरी छताच्या आकड्याला ती आत्ता लटकताहेत, ताठ बसलीत, फोलपटं उडवताहेत, चांगली दिसताहेत. कुणीतरी त्यांच्या पिंजऱ्यात डोकं घालून ओठांतून दाणा देत असेल. आणि एक दिवस कुठल्यातरी घरात कुणीतरी भिंतीला हात टेकून ते वाक्य म्हणेल, आणि त्या घरात मी नसेन.

हे पत्र मी घरी ठेवणार नाही. आई आता अक्षर लावून लावून वाचायला शिकलीय, कॅलेंडरसुद्धा सोडत नाही. तुमच्या तिथीला ती कावळ्याचा घास ठेवते आणि मग मूठभर भिजवलेली डाळ पेरूखाली, राघूसाठी. ज्या आकड्याला पिंजरा होता तिथं दिवाळीत आकाशकंदील लावते, एरवी तो आकडा रिकामा असतो आणि त्याच्याखालून जाताना ती अजून डोकं वाकवते. पत्र दवाखान्यात राहील, तुमच्या गॉगलच्या डब्यात.

एक सांगायचं राहिलं. आज निकाल वाचून मी दुपारी जेवायला घरी गेले होते. आई भाकरी थापत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तेव्हा राघूच्या डोळ्यांना पाणी यायचं का गं? मला माझ्यापुरती खात्री करून घ्यायची होती, बाकी काही नाही. "यायचं ना," आई म्हणाली. "धारा लागायच्या. नानांसाठी रडत होता तो." मग भाकरीवरचा हात थांबवून तिनं माझ्याकडं पाहिलं. "रडत होता ना गं?"

मी हो म्हणाले, नाना. रडतच होता, म्हणाले.